पंचवीस अंशांची किंमत

गाडी पेट्रोलवर चालते, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात इंजिन पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त हवा खातं. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हा हिशोब ग्रॅमचा आहे, लिटरचा नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. हवा तापली की फुगते. २० अंशांची हवा ४० अंशांवर गेली, की तेवढ्याच जागेत ती सुमारे ६ टक्के कमी मावते. पेट्रोल मात्र तेवढंच सोडलं, तर मिश्रण 'रिच' होतं. शिवाय हवा कमी म्हणजे ताकदही कमी.

दुसऱ्या महायुद्धात या साध्या नियमावर माणसांचे जीव अवलंबून होते. ब्रिटिश स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत रोल्स-रॉइसचं २७ लिटरचं मर्लिन इंजिन होतं. उंचीवर हवा विरळ, म्हणून सुपरचार्जर ती दाबून आत ढकलायचा. पण दाबलेली हवा तापते. रोल्स-रॉइसने यावर एक युक्ती केली होती. कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या आधीच बसवायचा. माठातलं पाणी झिरपून उडताना जसा गारवा येतो, तसंच पेट्रोलची वाफ होताना हवा सुमारे २५ अंशांनी थंड व्हायची. थंड हवा दाट, म्हणून ताकद जास्त. मर्लिनच्या सुपरचार्जरवर काम केलेला गणितज्ञ स्टॅन्ली हूकर याने पुढे आत्मचरित्रातही या निवडीची बाजू मांडली.

जर्मन मेसरश्मिट १०९ मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायचं. तो गारवा त्याला मिळत नव्हता, पण त्याचा वैमानिक विमानाचं नाक खाली दाबून बिनधास्त सूर मारू शकायचा. मर्लिनच्या वैमानिकाने तेच केलं, की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उसळून वर जायचं. इंजिन आधी उपाशी राहायचं, मग एकदम पेट्रोलचा लोंढा येऊन गुदमरायचं. १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत शत्रू समोरून निसटायचा तो याच क्षणी.

उत्तर शोधलं फार्नबरोच्या इंजिनियर बीट्रिस शिलिंग यांनी. त्या मोटरसायकल शर्यतींतही उतरायच्या. मधोमध भोक असलेला धातूचा एक छोटा तुकडा त्यांनी पेट्रोलच्या वाटेत बसवला. इंजिनाला जास्तीत जास्त जेवढं लागेल तेवढंच पेट्रोल त्यातून जायचं, त्यामुळे लोंढा थांबला. १९४१ च्या सुरुवातीला त्या आणि त्यांचे सहकारी विमानतळांवर फिरून हे तुकडे बसवत होते. दोष पूर्ण गेला नाही, पण वैमानिकांना सूर मारता येऊ लागला.

आज फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हवेच्या वाटेवर एक छोटा सेन्सर असतो. हवा तापली की त्याचा विद्युतरोध घटतो. ईसीयूमधला कोड तो आकडा वाचतो, हवेचा दाबही बघतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. आमच्या भाषेत सांगायचं तर, एका टेबलमधल्या नोंदीने गुणायचं, बस्स. पण त्या नोंदीमागचा भागाकार तोच आहे, ज्याच्यासाठी मर्लिनवाल्यांनी सूर मारण्याची मोकळीक पणाला लावली होती.