सुरतेचे ऊन आणि सरकारी दप्तर

सुरतेच्या मुलखात उन्हाची आणि सरकारी दप्तराची गाठ प्रथम पडली ती मिठाच्या निमित्ताने. दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी खाजणांत अडवून, ते उन्हात आटवून मीठ पिकविण्याचा धंदा पुरातन; परंतु ज्या वस्तूसाठी समुद्राने पाणी आणि सूर्याने उष्णता विनामूल्य पुरविली होती, तिच्यावरील जकात कंपनी सरकारने १८४४ साली मणामागे आठ आण्यांवरून एकदम एक रुपयावर नेली, तेव्हा एरवी व्यापारात आणि हिशेबात मग्न असलेले सुरत शहर खवळून उठले, बाजार बंद पडले, दंगा झाला आणि अखेर सरकारला ही वाढ आवरती घ्यावी लागली. पुढे ६ एप्रिल १९३० रोजी ज्या दांडीच्या किनाऱ्यावर महात्माजींनी मूठभर मीठ उचलले, ते दांडी गावही त्या वेळी सुरत जिल्ह्याच्याच जलालपूर तालुक्यात मोडत होते. परवान्यावाचून उन्हाकडून काम करून घेणे हा त्या काळी गुन्हा होता.

वीज आली तीही परवान्याच्याच वाटेने. १९१०च्या कायद्याने वीजपुरवठा हा सनदधारकांचा अधिकार ठरविला आणि १९२०मध्ये स्थापन झालेल्या सुरत इलेक्ट्रिसिटी कंपनीने शहरात दिवे लावले. ग्राहकाने वीज घ्यावी आणि बिल भरावे, यापलीकडे त्याचा विजेशी काही संबंध असू शकतो, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती. ती कल्पना कायद्यात शिरली ती २००३च्या विद्युत अधिनियमाने. त्याने वीजनिर्मितीवरील परवान्याचे बंधन सामान्यतः काढून टाकले आणि अपारंपरिक ऊर्जेला उत्तेजन देणे हे राज्य वीज नियामक आयोगांचे कर्तव्यच ठरविले.

गुजरातने आपले पहिले सौरधोरण २००९मध्ये जाहीर केले. गांधीनगरात घरमालकाने आपली गच्ची कंपनीला द्यावी आणि निघालेल्या प्रत्येक युनिटमागे तीन रुपये भाडे घ्यावे, असा प्रयोग झाला. त्यानंतर २०१६मध्ये आयोगाने नेट मीटरिंगचे नियम केले. दिवसा गच्चीवरून तारेत गेलेली वीज जमेला आणि रात्री तारेतून घेतलेली वीज नावे, असा हा व्यवहार खतावणीत मुरलेल्या सुरतेच्या व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती! त्याचे दुःख निराळे होते: मंजूर भाराच्या निम्म्यापेक्षा अधिक क्षमतेचा संच बसविण्यास कारखान्यांना मनाई होती. पांडेसरा, सचिन येथील रंगाई-छपाईच्या शेडांची छपरे एकराच्या मापाने मोजावीत इतकी विस्तीर्ण. तरीही ही मर्यादा २०२१च्या धोरणापर्यंत टिकून राहिली. पत्र्याला भोक पाडण्यापेक्षा दप्तरातले कलम बदलणे कठीण असते.

जमिनीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. सुरत जिल्हा १९६०पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे शेतजमिनीचा अन्य उपयोग करावयाचा तर कलेक्टरची बिनशेती परवानगी घ्यावी हा १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्याचा दंडक, आणि पडीक, खराबा, गायरान ही त्याची परिभाषा, गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांना सारखीच परिचित आहे. एक मेगावॉटच्या संचाला जमिनीवर साधारणतः चार-पाच एकर क्षेत्र लागते. उकाई-काकरापारच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या बारडोलीसारख्या तालुक्यात ते काढावयाचे कोठून, हा प्रश्न केवळ किमतीचा नाही.

त्याचे एक उत्तर याच जिल्ह्यातील मांगरोळ तालुक्यात सापडते. तेथील वस्तान परिसरात लिग्नाइटची उघडी खाण आहे. पाच कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्यांनी शोषिलेले ऊन तेथे भूगर्भात कोळसा होऊन पडले होते, आणि त्याच थरांत प्राचीन वटवाघळांचे अवशेष व राळेत अडकलेले कीटक सापडल्यामुळे या खाणीचे नाव जगभरच्या जीवाश्मशास्त्रज्ञांना ठाऊक झाले. हा लिग्नाइट जाळून नानी नरोली येथे ५०० मेगावॉटचे केंद्र चालते, आणि ते चालविणाऱ्या गुजरात इंडस्ट्रीज पॉवर कंपनीनेच वस्तानला ५ मेगावॉटचा सौरसंचही उभारला. पाचशेपुढे पाच म्हणजे नाममात्रच. तथापि जी भूमी खणून, उपसून एकदा उलथीपालथी झाली, तिच्यावर ऊन गोळा करण्यात पीक बुडत नाही. म्हणून अशा जमिनीला कायद्याने अग्रक्रम द्यावा, हे मला सर्वथैव न्याय्य वाटते. उलट दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदलेली जमीन मालधारी पशुपालकाच्या लेखी चराऊ रान असते. कच्छच्या रणाकडे निघालेल्या विराट सौरयोजनांनी या भेदाकडे अधिक आस्थेने पाहावयास हवे होते.

राहता राहिली घरे. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्राने घोषित केलेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते, आणि घरगुती छपरांवरील सौरसंचांत गुजरात देशात अग्रेसर आहे. उत्तरायणाला पतंगासाठी गच्ची मोकळी हवी, म्हणून संच उंच सांगाड्यावर बसविण्याकडे सुरतेतील घरमालकांचा कल असतो, ही त्यांची रसिकताच म्हणावयाची. मात्र हे सर्व औदार्य छपराच्या मालकासाठी आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे यंत्रमागांवर राबतात आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या डोक्यावरचे छप्पर त्यांचे नाही आणि पुष्कळदा मीटरही त्यांच्या नावाचा नाही. १८४४च्या दंग्यात रस्त्यावर उतरलेल्यांना मीठ महाग झाल्याचे निदान ठाऊक तरी होते. या कुटुंबांना आपण कशाला मुकतो याची वार्ताही नाही. चाळीच्या गच्चीवर निघणाऱ्या विजेत त्या चाळीतील भाडेकरूचा हिस्सा कायद्याच्या कलमातच लिहिला जावा, अशी मागणी सुरतेच्या नगरसेवकांनी आणि तेथील मराठी मंडळांनी आता आयोगापुढे मांडली पाहिजे.