चौकशी करणाऱ्याने जाब कोणाला द्यावा?

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मध्यभागी, वुस्टर शहराच्या पूर्वेस, क्विन्सिगॅमंड सरोवराच्या पैलतीरावर श्रूजबरी हे नगर वसले आहे. १७२७ साली त्याला नगराचा दर्जा मिळाला, आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभी बोस्टनभोवतीच्या सैन्याचे आधिपत्य ज्याने केले तो आर्टेमस वॉर्ड याच गावचा, एवढाच त्याचा लौकिक पुष्कळ काळ होता. आज तेथे सुमारे अडतीस हजार वस्ती आहे. सरोवरापलीकडचे वैद्यकीय विद्यापीठ आणि आसपासचा संगणक व औषधनिर्मितीचा उद्योग यांच्या आश्रयाने आलेली भारतीय कुटुंबे तीत मोठ्या संख्येने असून, ‘इंडिया सोसायटी ऑफ वुस्टर’चे केंद्रही याच नगरात उभे आहे. या वस्तीतील मराठी घरांत विवाहाची बोलणी, घटस्फोटाचा दावा किंवा मायदेशी राहिलेल्या मालमत्तेचा वाद उपस्थित झाला, म्हणजे केव्हा ना केव्हा खासगी तपासनिसाचे नाव निघते, आणि मग द्रव्य देऊन दुसऱ्याच्या आयुष्याची चौकशी करवणे हा आधुनिक महानगरांचा अनिष्ट आविष्कार होय, असे उद्गार वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून सहज निघून जातात. वस्तुतः या परगण्यात त्या चालीला दोनशे वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे, आणि तो चौकशी करवू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ध्यानी घ्यावा असा बोधप्रद आहे.

अठराव्या शतकात या प्रदेशात पगारी पोलीस ही संस्थाच अस्तित्वात नव्हती. नगरसभेत दरसाल निवडलेला कॉन्स्टेबल समन्स बजावी व इतर किरकोळ कामे पाही. त्याच्या वर परगण्याचा शेरीफ. आणि यांच्या पाठीशी उभे राहायला शेजाऱ्यांच्या संमतीवाचून दुसरे बळ नसे. ही सत्ता किती नाजूक होती याचा प्रत्यय खुद्द आर्टेमस वॉर्ड यास १७८६ च्या सप्टेंबरात आला. कर्जाच्या डिक्र्यांनी गांजलेले शेतकरी वुस्टरच्या न्यायालयापुढे शस्त्रे घेऊन उभे राहिले असता, मुख्य न्यायाधीश या नात्याने तो त्यांच्या संगिनींना छाती देऊन पायऱ्यांवर बोलत राहिला. पण न्यायालय त्या दिवशी चालू शकले नाही. अशा स्थितीत एखाद्याचा घोडा चोरीस गेला, तर त्याचा शोध ही सरकारची जोखीम नसून ज्याचे गेले त्याची असे. तो वृत्तपत्रात घोड्याचा रंग, खुणा आणि चाल यांचे वर्णन देऊन इनाम जाहीर करी व शेजाऱ्यांना घेऊन स्वतःच माग काढावयास निघे. आयझेया थॉमस याने १७७५ साली बोस्टनहून वुस्टरला आणलेल्या छापखान्याचा अशा जाहिरातींशी चांगला परिचय होता.

या निकडीतून १७९५ च्या नोव्हेंबरात वुस्टर येथे चोरांचा शोध लावण्यासाठी परस्परसाहाय्याची एक मंडळी स्थापन झाली. सभासदांनी वर्गणी भरावी, फंड साठवावा, आणि कोणा सभासदाकडे चोरी झाल्यास फंडातून खर्च करून पाठलाग करावा, अशी तिची व्यवस्था होती. अशा मंडळ्या पुढे न्यू इंग्लंडभर निघाल्या. त्यांपैकी डेडम गावी १८१० साली घोडेचोरांविरुद्ध स्थापन झालेली संस्था स्नेहमेळाव्याच्या रूपाने आजही नांदते आहे. खासगी तपासाचे हे त्या प्रदेशातील आद्य संघटित रूप होय. त्याचे वैशिष्ट्य असे की, पाठलाग करणारा, करवणारा आणि पुष्कळदा ज्याच्यावर संशय घ्यावयाचा तोही, रविवारी एकाच प्रार्थनामंदिरात बसत असत. चुकीच्या माणसावर आळ घेणाऱ्यास त्याच माणसाच्या भाऊबंदांसमोर पुढले आयुष्य काढावे लागे, आणि हा धाक कोणत्याही कलमापेक्षा प्रभावी होता.

मराठी वाचकाला हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. जवळजवळ त्याच काळी दख्खनमध्ये गावच्या चोरीची जोखीम रामोशी, भिल्ल किंवा जागल्या यांजवर असे. चोराच्या पावलांचा माग त्यांनी शिवेपर्यंत नेऊन पोचवावा, पुढे तो शेजारच्या गावाने स्वीकारून आपल्या शिवेपलीकडे काढून द्यावा, आणि ज्या गावात माग खुंटेल त्या गावाकडे नुकसानभरपाईची मागणी व्हावी, ही वहिवाट एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली सादर केलेल्या अहवालात नोंदवली आहे. वतनाच्या किंवा वारसाच्या तंट्यात गोतसभा भरे, साक्षीदार शपथेवर बोलत, आणि निर्णयाचा महजर सर्वांच्या साक्षीने लिहिला जाई. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून प्रकट झालेल्या तोतयाची शहानिशा पेशवे सरकारास करावी लागली, तेव्हाही भाऊसाहेबांना प्रत्यक्ष ओळखणाऱ्यांची साक्ष हेच मुख्य प्रमाण ठरले. या पद्धतीत दोष नव्हते असे नाही. जातीचा आणि वतनाचा दाब तीत भरपूर होता, व दुर्बळाची कैफियत पुष्कळदा ऐकलीच जात नसे. तथापि चौकशी करणारा अदृश्य नव्हता, ही गोष्ट दोन्ही भूखंडांवर समान होती.

रेल्वे, तारायंत्र आणि नगरांची वाढ यांनी ती अवस्था मोडली. ग्लासगोहून अमेरिकेस आलेल्या ॲलन पिंकर्टनने १८५० च्या सुमारास शिकागोत तपासाची पेढी काढली, आणि राज्याची सीमा ओलांडताच जेथे सरकारी अंमलदाराचा हात तोकडा पडे तेथे खासगी माणूस धावू लागला. १८५६ साली त्याने केट वॉर्न या स्त्रीला नोकरीस घेतले. जेथे पुरुष तपासनिसाला प्रवेश नाही तेथे स्त्री विश्वास संपादन करू शकते, हा तिचा युक्तिवाद अनुभवाने खरा ठरला. पण हीच पेढी पुढे कारखानदारांची झाली. १८९२ च्या जुलैमध्ये पेनसिल्व्हेनियातील होमस्टेड येथे संपकऱ्यांवर चालून गेलेल्या सुमारे तीनशे पिंकर्टन-शिपायांच्या चकमकीत दोन्ही बाजूंची माणसे मेली, आणि पुढील वर्षी काँग्रेसने अशा पेढ्यांची माणसे संघराज्य सरकारने नोकरीस ठेवू नयेत असा कायदा केला. १९३६ पासून सिनेटर ला फॉलेट यांच्या समितीने कामगारसंघांत पेरलेल्या पगारी हेरांची जी लक्तरे वेशीवर टांगली, ती वाचली म्हणजे शेजाऱ्याला जबाबदार असलेली चौकशी केवळ पैसे देणाऱ्याला जबाबदार झाली, की तिचे काय होते, हे स्पष्ट कळते.

मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने हा अनुभव जपून ठेवला आहे. राज्याच्या सामान्य कायद्यांच्या १४७ व्या प्रकरणाप्रमाणे खासगी तपासनिसाला राज्य पोलीस दलाच्या कर्नलकडून परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी तपासकामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव किंवा पोलिसांत साध्या शिपायाहून वरचा हुद्दा, अशी पात्रता लागते. पाच हजार डॉलरचा मुचलका द्यावा लागतो. आणि संपात चिथावणी देणे किंवा कामगारांच्या संघटनास्वातंत्र्यात ढवळाढवळ करणे त्याला निषिद्ध आहे. शिवाय अर्जदाराला निदान तीन वर्षे ओळखणाऱ्या, त्याच्याशी रक्ताचे किंवा विवाहाचे नाते नसलेल्या तीन प्रतिष्ठित नागरिकांची ग्वाही अर्जासोबत जोडावी लागते. १७९५ च्या वर्गणीदारांना जी ओळख सहजप्राप्त होती, तिचेच हे कागदोपत्री रूप आहे.

वैयक्तिक तपासाचा दुसरा प्रवाह घटस्फोटाच्या न्यायालयातून वाहत आला. मॅसॅच्युसेट्सने १७८६ च्या कायद्याने घटस्फोटाचे दावे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे सोपवले. तेव्हापासून जवळजवळ दोन शतके दोघांपैकी एकाचा दोष सिद्ध केल्यावाचून विवाहबंधन सुटत नसे, आणि व्यभिचाराचा आरोप करणाऱ्याला साक्षीदार आणावा लागे. हॉटेलच्या नोंदवहीतील खोटी नावे, खिडकीतला दिवा विझल्याची वेळ, हे ज्या व्यवसायाचे भांडवल झाले त्याला प्रतिष्ठा कशी लाभावी? १९७५ साली राज्याने विवाह सावरता न येण्याइतका मोडला आहे एवढ्या कारणावर घटस्फोट मान्य केला, तेव्हा या कामाचा मोठा भाग आपोआप निरर्थक झाला. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या घटस्फोट कायद्यातून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याकडे आणि तेथून १९७६ मध्ये परस्परसंमतीच्या घटस्फोटाकडे झालेला आपला प्रवासही त्याच दिशेचा आहे. कायद्याने दोषाचा शोध जितका अनावश्यक केला, तितकी माणसांची अब्रू वाचली.

मात्र नव्या कायद्याने नवे काम निर्माण केले. मार्च २०१२ पासून अमलात आलेल्या पोटगीसुधारणेप्रमाणे, पोटगी घेणारी व्यक्ती सलग तीन महिने दुसऱ्या व्यक्तीबरोबर एक संसार चालवीत असल्याचे सिद्ध झाल्यास ती पोटगी कमी, तहकूब किंवा बंद होऊ शकते. या कामात तपासनीस भल्या पहाटे सार्वजनिक रस्त्यावर आपली गाडी उभी करतो आणि समोरच्या घरापुढील दोन्ही मोटारींचे क्रमांक व वेळ वहीत टिपतो. रात्रभर बर्फ पडले असेल, तर मोटारीच्या काचेवरचा अखंड थर आणि तिच्या चाकांखालची कोरडी जमीन ती गाडी संध्याकाळपासून हललेली नाही, हे शपथेपेक्षा स्पष्ट सांगतात. अशी नोंद एका दिवसाची असून भागत नाही. ती तीन महिन्यांच्या अवधीत ठिकठिकाणी सापडावी लागते, आणि शेवटी वुस्टरच्या कुटुंब न्यायालयात उलटतपासणीला टिकावी लागते. भिंतीआडचे संभाषण गुपचूप ध्वनिमुद्रित करण्याचा मोह येथे आवरावाच लागतो. कारण या राज्याच्या १९६८ च्या कायद्याने सर्व पक्षांना न कळवता केलेले ध्वनिमुद्रण हा फौजदारी गुन्हा ठरवला आहे.

मर्यादा ओलांडल्याची किंमत मानवी जीवाने मोजावी लागते, हे १९९९ साली सीमेपलीकडच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील नॅशुआ येथे दिसून आले. एका तरुणीचा वर्षानुवर्षे ध्यास घेतलेल्या माणसाने माहिती विकणाऱ्या एका पेढीकडून तिच्या नोकरीच्या ठिकाणाचा पत्ता विकत घेतला. पेढीने तो बनावट बहाण्याच्या दूरध्वनीने काढून दिला, आणि त्याने तेथे जाऊन तिची हत्या केली. २००३ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ज्याची माहिती विकली जाते त्या त्रयस्थ व्यक्तीप्रतही तपासनिसाचे सावधगिरीचे कर्तव्य असते. या व्यवसायाच्या इतिहासात मला हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शेजारधर्माने जे काम मुकाट्याने केले होते ते न्यायपीठाने येथे शब्दांत मांडले.

आपल्याकडे या व्यवसायाची कल्पना बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी घरोघर पोचवली, आणि १९९१ साली मुंबईत स्वतःची तपाससंस्था काढून रजनी पंडित यांनी मराठी स्त्री हे काम करू शकते हे प्रत्यक्ष दाखवले. पण खासगी सुरक्षारक्षकांसाठी २००५ चा कायदा झाला, तसा तपासनिसांसाठी झाला नाही. २००७ साली राज्यसभेत मांडलेले विधेयक कायद्याच्या रूपाने पुस्तकात उतरलेच नाही. आणि मागणी तर वाढतच आहे. पूर्वी स्थळाची चौकशी मामा किंवा आत्याचे यजमान करीत. ते मुलाच्या गावी जात, वाड्यातल्या भाडेकऱ्यांशी बोलत, आणि त्यांनी दिलेली माहिती खोटी निघाली तर जन्मभर दोन्ही घरांत त्यांना मान खाली घालावी लागे. आता मुलगा श्रूजबरीत आणि मुलीचे वडील नाशिकला, तेव्हा ती जोखीम परक्याला पैसे देऊन सोपवावी लागते.

अशा वडिलांना मी एवढेच सांगेन, की जे उघड दफ्तरात आहे ते आधी तेथून मागवावे. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची राज्यव्यापी नोंद १८४१ पासून आहे, श्रूजबरीच्या १८४९ पर्यंतच्या नोंदी तर १९०४ सालीच पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. आणि एखाद्याचा पूर्वी तेथे विवाह नोंदला गेला आहे काय, हे नगरलिपिकाच्या कार्यालयातून व राज्याच्या नोंदणी खात्यातून रीतसर कळू शकते. त्यापुढेही माणूस नेमणे भाग पडले, तर परवान्याचा क्रमांक विचारावा, कामाची व्याप्ती लेखी ठरवून घ्यावी, शक्य तर वकिलामार्फत नेमणूक करावी, आणि बँकेचे किंवा दूरध्वनीचे तपशील ‘काढून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. कारण अशा बहाणेबाजीविरुद्ध १९९९ आणि २००६ चे संघराज्य कायदे उभे आहेत.

दोन शतकांच्या या वाटचालीतून एक कसोटी हाती येते. सत्य जाणण्याचा हक्क वधूपित्याला आहे, दावेदाराला आहे, फसवल्या गेलेल्या भागीदारालाही आहे. परंतु ज्याची चौकशी होते त्यालाही दाद मागण्याचे एखादे ठिकाण असेल, तेव्हाच ती चौकशी न्यायाच्या कक्षेत येते. ते ठिकाण कधी प्रार्थनामंदिर होते, कधी गोतसभा, आज ते परवान्याचे खाते आणि न्यायालय आहे. भारतातही ते कायद्याने निर्माण व्हावे, आणि तोवर प्रत्येक कुटुंबाने ते आपल्या विवेकात राखावे, यातच चौकशी करणाऱ्याची आणि करवणाऱ्याची प्रतिष्ठा आहे.