पिंपरीची माती आणि संगणक

आमच्या पिंपरीचं नाव कारखान्यांमुळे सर्वदूर गेलं. पण ते एका जिवाणूच्या नावातही आहे. स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथल्या डॉ. तिरुमलाचार यांनी या जिवाणूला गावाचं नाव दिलं. त्यापासून बुरशीच्या रोगांवरचं हॅमायसिन मिळालं.

याच कुळातल्या, इटलीच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून पुढे कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन तयार झालं. तेव्हा रीत अशी होती : माती आणा, जिवाणू वाढवा, एकेक अर्क तपासा. त्यात वर्षं जात.

१९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक बनवला. आज अशा यंत्रांवर कर्कपेशीतल्या प्रथिनाची प्रतिकृती उभी करतात आणि कुलपाला किल्ल्या लावून पाहाव्यात तसे हजारो रेणू तिला लावून पाहतात. न बसणाऱ्या किल्ल्या आधीच बाजूला पडतात.

मी शब्दांचा माणूस. इथे मला 'अंदाज' हा शब्द मोलाचा वाटतो. संगणक देतो तो अंदाजच. खरी परीक्षा प्रयोगशाळेत आणि शेवटी रुग्णांवरच्या चाचण्यांत होते. आणखी एक परीक्षा बाजारात असते. पिंपरीचं पेनिसिलिन देशातल्या गरिबाला मिळावं म्हणून निघालं होतं. संगणकाने वाचवलेला वेळ आणि पैसा चाकणच्या कंत्राटी कामगाराच्या औषधाच्या बिलात दिसला, तरच हा शोध पुरा झाला असं मी म्हणेन.