दातांचा नंबर शेवटी लागला

ठिसूळ हाडांच्या मुलांवरच्या उपचारांचा इतिहास वाचायला घेतला, की तो हातापायांचाच इतिहास निघतो. १७८८ साली स्वीडनच्या ओलाउस एकमानने उप्सालातल्या आपल्या प्रबंधात एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांतली मोडणारी हाडे नोंदवली. १८४९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या विलेम फ्रोलिकने आजाराला ‘ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा’ हे नाव दिले. त्याने अभ्यासलेला नवजात बाळाचा सांगाडा तिथल्या संग्रहालयात आजही आहे. १९५९ मध्ये सोफील्ड आणि मिलर या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी वाकडे हाड जागोजागी कापून धातूच्या सळईत ओवण्याची पद्धत मांडली.

मी दातांना तारा लावणारी डॉक्टर. या सगळ्यात माझ्या शाखेचा नंबर इतका उशिरा का लागला, हा प्रश्न मला सोडत नाही, कारण हा आजार तोंडात तर उघड दिसतो. हाडात जे कोलॅजेन सदोष असते, तेच दाताच्या डेंटिनमध्येही असते. कित्येक मुलांचे दुधाचे दात करडे किंवा मधाच्या रंगाचे येतात आणि झिजून हिरडीला टेकतात. कायमचे दात थोडे बरे असतात. त्यातच वरचा जबडा खुरटतो, खालचा पुढे येतो, दाढा उलट्या बसतात, कधी कधी तोंड मिटले तरी एकमेकींना टेकत नाहीत. पोळीचा घास चावायचा तरी कसा? १९७९ मध्ये मेलबर्नच्या सिलेन्स यांनी आजाराचे चार प्रकार पाडले. पुढे त्यांतल्या काहींना दातांच्या स्थितीवरून ‘अ’ आणि ‘ब’ जोडले गेले. दातांच्या वाट्याला एवढे एक अक्षर आले.

उशिराचे पहिले कारण म्हणजे दाताला इजा होण्याची भीती, आणि ती खरी होती. पूर्वी तारा लावायच्या म्हणजे एकेका दाताभोवती धातूची पट्टी दाबून बसवावी लागे. १९५५ मध्ये ब्युओनोकोर यांनी आम्लाने खरवडलेल्या इनॅमलला राळ घट्ट धरते हे दाखवले आणि पुढच्या दशकात तार धरणारे ब्रॅकेट थेट दातावर चिकटू लागले. आमच्या या मुलांना मात्र निम्माच दिलासा मिळाला. ब्रॅकेट बसते, पण खालचे डेंटिन कच्चे असल्याने काढताना इनॅमलचा टवका उडू शकतो.

दुसरी अडचण औषधातून आली, आणि त्या औषधाचे मला अपार कौतुक आहे. १९९८ मध्ये माँट्रियलच्या ग्लोरियू आणि सहकाऱ्यांनी पामिड्रोनेटचे निष्कर्ष छापले: मुलांची हाडे कमी मोडत होती, दुखणे कमी झाले होते. हे औषध हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवरते. पण दात सरकतो तो याच पेशींच्या जिवावर. दाबाच्या बाजूचे हाड विरघळते, ताणाच्या बाजूला नवे भरते. सँडस्टेट यांनी १९०४-०५ मध्ये कुत्र्यांच्या जबड्यात हे दाखवले होते. ज्या औषधाने पाय वाचतो, त्याच औषधाने दात हळू सरकतो. मी तो हळूपणा आनंदाने पत्करते. २००३ नंतर मोठ्या माणसांत, विशेषतः कर्करोगाच्या रुग्णांत, या औषधांमुळे जबड्याचे हाड मरते असे दिसल्यावर पालक धास्तावले. ठिसूळ हाडांच्या मुलांच्या पाहण्यांत मात्र तसे आढळलेले नाही, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगते.

आता पारदर्शक अलाइनर आले. ते काढता-घालता येतात, जोर थोडा थोडा लागतो. मापही स्कॅनरने घेता येते, त्यामुळे ट्रे ओढून काढताना जबड्यावर येणारा ताण टळतो. माझ्या खुर्चीवर मुलाला त्याची आईच ठेवते, कारण कुठे हात घालायचा हे तिला ठाऊक असते. दात काढायची वेळ आली तर एक हात सतत खालच्या जबड्याखाली असतो. औषधाच्या तारखा हाडांच्या डॉक्टरांकडून मागवल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही.

एवढे करूनही काही जबडे तारांना दाद देत नाहीत. त्यांना वाढ संपल्यावर शस्त्रक्रिया लागते. म्हणून हाडांच्या डॉक्टरांना माझे सांगणे असते, की पहिली दाढ आली की मूल पाठवा, सगळी हाडे बरी होण्याची वाट पाहू नका.