गेममधली एक छोटी चूक हजारो स्क्रीनवर कशी पोहोचते? समजून घ्या शेडर कंपायलरची 'हेल्पर फंक्शन्स'

गेम खेळताना पाण्यावर चमकणारं ऊन दिसतं, भिंतीवर सावली सरकते. स्क्रीनवरच्या एकेका पिक्सेलचा रंग ठरवणारे छोटे प्रोग्रॅम हे काम करतात. त्यांना 'शेडर' म्हणतात.

अडचण कुठे येते?

गेम बनवणारा शेडर एकदाच लिहितो. पण एएमडी, इंटेल, क्वालकॉम यांच्या ग्राफिक्स चिपची भाषा वेगवेगळी असते. हे भाषांतर कंपायलर करतो. त्यासाठी तो शेडर आधी एका मधल्या भाषेत आणतो, तिथे त्याची साफसफाई करतो आणि मग चिपच्या भाषेत उतरवतो.

ब्रायन पॉल यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या 'मेसा' या ओपन सोर्स प्रकल्पात 2015 पासून अशी एक मधली भाषा आहे. तिचं नाव 'एनआयआर'.

मग हेल्पर फंक्शन काय करतं?

एनआयआरमध्ये साधी बेरीज हाताने लिहायची तरी सूचना तयार करा, दोन आकडे जोडा, ते किती बिटचे आहेत ते सांगा आणि सूचना योग्य जागी बसवा, एवढे सोपस्कार असतात. हेल्पर फंक्शन हे सगळं एका ओळीत उरकतं. बेरीज, वर्गमूळ अशा मूळ क्रियांची हेल्पर फंक्शन्स तर कुणी टाईपही करत नाही. क्रियांच्या यादीवरून पायथन स्क्रिप्ट ती तयार करते.

उदाहरण पाहू

पूर्णांकाला ठरलेल्या संख्येने गुणायचं आहे. ती संख्या 0 असेल तर हेल्पर थेट 0 देतं. 1 असेल तर मूळ आकडाच परत करतं. 8 असेल तर गुणाकाराऐवजी बिट तीन घरं डावीकडे सरकवता येतात, कारण चिपसाठी ते सहसा स्वस्त पडतं. मूळ आकडा 16 बिटचा असेल, तर दुसराही 16 बिटचाच बनवला जातो.

पण हीच युक्ती दशांश संख्यांना डोळे झाकून लावता येत नाही. तिथे 'अनंत' हीसुद्धा एक किंमत असते आणि अनंत गुणिले 0 याचं उत्तर 0 येत नाही, 'ही संख्याच नाही' असं येतं. हे विसरलं तर गेममध्ये चुकीचे रंग किंवा काळे ठिपके दिसू शकतात.

याने काय फरक पडतो?

स्टीम डेक, इंटेलचा लिनक्स लॅपटॉप आणि रास्पबेरी पाय या तिन्हींचे मेसा ड्रायव्हर एनआयआर वापरतात. हेल्पर बरोबर असेल तर फायदा सगळ्यांना. चुकलं तर ते जिथे जिथे वापरलंय, तिथे तिथे गडबड. म्हणूनच दोन ओळींचा बदलही दुसरे डेव्हलपर तपासतात आणि खऱ्या चिपवर त्याच्या चाचण्या होतात.

थोडक्यात, हेल्पर फंक्शनमुळे टायपिंग तर वाचतंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, अवघड नियम एकदाच नीट लिहिला जातो आणि प्रत्येकाला तो नव्याने लक्षात ठेवावा लागत नाही.