पान्हा, वार आणि फ्रीज

वर्ध्याहून बल्लारशाहकडे जाताना माजरी जंक्शन लागतं. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी कुणाला नवल वाटत नाही असा चंद्रपूरचा उन्हाळा. ऑक्सिटोसिन म्हटलं की आपल्याला मिठी मारल्यावर वाहणारं 'लव्ह हार्मोन' आठवतं. पण माजरीतल्या बाळंतिणीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच: हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं!

थोडं मागे जाऊ. १९०६ साली इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांना दिसलं की पियुषिका ग्रंथीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आवळतं. चारच वर्षांनी कळलं की त्याच अर्काने दूधही उतरतं. (आपल्या गवळ्याला यातला अर्धा भाग पिढ्यानपिढ्या ठाऊक होता. वासराने ढुशी दिल्याशिवाय गाय पान्हवत नाही.) पुढे १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केलं. नऊ अमिनो आम्लं, बस्स. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

आमच्या धंद्यात पॉझिटिव्ह फीडबॅक लूप म्हणजे सिस्टीम झोपणार याची खात्री. शरीर तो मुद्दाम चालवतं. बाळाचं डोकं गर्भाशयाच्या तोंडावर दाबतं, मेंदूला निरोप जातो, ऑक्सिटोसिन वाढतं, कळा वाढतात, दाब आणखी वाढतो. बाळ बाहेर आलं की लूप तुटतो. खरी कसोटी मात्र त्यानंतर. वार पडल्यावर तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या स्नायूंनीच आवळून बंद करायच्या असतात. त्या काळात गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त वाहत असतं. स्नायू ढिले राहिले तर काय होईल, हिशेब सोपा आहे. म्हणून बाळ जन्मल्याबरोबर आईला १० युनिट ऑक्सिटोसिन टोचतात.

हेच औषध गोठ्यात पोहोचलं. वासरू मेलं तरी म्हशीने पान्हा सोडावा म्हणून रोज सुई! जनावराचे हाल होतात हे खरंच. 'त्या दुधाने मुली लवकर वयात येतात' हे मात्र पटण्यासारखं नाही. एवढंसं पेप्टाइड आपल्या पोटात पचून जातं. तरी एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली: देशातल्या विक्रीसाठी खासगी कंपन्यांनी ऑक्सिटोसिन बनवायचं नाही, फक्त सरकारी कंपनीने बनवायचं. एवढ्या मोठ्या देशातल्या बाळंतिणींचा जीव एका कारखान्यावर! आम्ही याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो आणि डिझाइन परत पाठवतो. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ही अधिसूचना रद्द केली. मुंबईची निऑन लॅबोरेटरीज ही त्यातली एक याचिकाकर्ती.

असो. कोर्टाने कारखान्याचा प्रश्न सोडवला, फ्रीजचा नाही. त्यावर आपल्या बेळगावात काम झालं होतं. २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये नर्सबाईंनी १६२० बाळंतिणींवर चाचणी केली. निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशाच. गोळीला ना फ्रीज लागतो ना सुई. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. माझ्या मते यावर सिनेमा निघायला हवा होता, पण नर्सबाईंवर सिनेमे कोण काढतो?

ऑक्सिटोसिन हाताशी आणि थंड असेल तर आजही पहिली पसंती त्यालाच. त्याचा भाऊबंद कार्बेटोसिन, त्याचा उष्णता सोसणारा प्रकार २०१८ मध्ये भारतासह दहा देशांतल्या जवळपास ३० हजार बायकांवर तपासला गेला आणि ऑक्सिटोसिनच्या बरोबरीने उतरला. ३० अंशांवर तो तीन वर्षं टिकतो. माजरीच्या मे महिन्यात ३० अंश हवे असतील, तर त्यालाही कूलरसमोरच बसवावं लागेल.