भाव सांगणारे अनेक

१४ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीत ‘ई-नाम’ या राष्ट्रीय कृषी बाजाराचा प्रारंभ झाला. पहिल्या दिवशी जोडलेल्या २१ बाजारांची यादी खानदेशातून वाचली की एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. आठ राज्यांत मध्य प्रदेश आहे, गुजरात आहे, महाराष्ट्र नाही. जळगाव-धुळ्याचे दोन्ही शेजारी आत आणि आपण बाहेर. योजनेत येण्यासाठी तीन अटी होत्या: राज्यभर चालणारा एकच व्यापारी परवाना, बाजार फी एकाच ठिकाणी आणि इलेक्ट्रॉनिक लिलावाला कायद्यात जागा. तिन्ही गोष्टी राज्याच्या कायद्यात बसवायच्या होत्या. प्रणाली दिल्लीत तयार झाली तरी ती लागू होणे मुंबईवर अवलंबून होते.

मुळात भाव कळवण्याचे काम २०१६ मध्ये नवे नव्हते. मार्च २००० मध्येच केंद्राच्या पणन व निरीक्षण संचालनालयाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मदतीने ‘अ‍ॅगमार्कनेट’ उभे केले होते. २१ जानेवारी २००४ ला किसान कॉल सेंटर सुरू झाले. १६ जुलै २०१३ ला ‘एम-किसान’ आले, १९ मार्च २०१६ ला ‘किसान सुविधा’ अ‍ॅप, आणि त्यानंतर महिन्याभरातच ई-नाम. शिवाय १९८४ पासूनचे राज्याचे कृषी पणन मंडळ होतेच, तेही आपले भाव देत होते. नवी यंत्रणा आली म्हणून जुनी गुंडाळली गेली नाही.

हा पसारा निव्वळ सरकारी गोंधळ म्हणून सोडून देता येत नाही. राज्यघटनेचे सातवे परिशिष्ट उघडावे. ‘बाजार आणि जत्रा’ राज्यसूचीत, २८ व्या क्रमांकावर. टपाल, तार, टेलिफोन संघसूचीत, ३१ व्या क्रमांकावर. म्हणजे भाव ठरतो ते आवार राज्याचे आणि तो ज्या तारेवरून जातो ती केंद्राची. कापूस याहून वेगळा. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने कच्चा कापूस आणि सरकी यांचा व्यापार समवर्ती सूचीतल्या ३३ व्या नोंदीत नावानिशी घातला गेला, म्हणजे त्यावर दोघांचाही हक्क. केळीला असा मान नाही, ती ‘खाद्यपदार्थ’ या शब्दात मावते.

कापसाच्या बाबतीत राज्याने आपला हक्क पुरेपूर बजावला. १९७१ चा कायदा आणि १९७२ पासूनची एकाधिकार खरेदी यामुळे जवळजवळ तीन दशके कागदोपत्री गिऱ्हाईक एकच होते. अशा व्यवस्थेत भाव विचारायची गरजच काय, असे वाटेल. पण सीमेवरच्या जिल्ह्यात ती गरज उलट वाढते. शेजारच्या राज्यात दर चढला की बंदी असूनही कापूस तिकडे जायचा. शिरपूरच्या शेतकऱ्याला कामाचा भाव सेंधव्याचा. राज्याच्या यंत्रणेकडून तो त्याला कसा मिळणार?

खासगी मंडळी याच फटीत शिरली. ऑक्टोबर २००७ मध्ये रॉयटर्सने ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ आणले आणि सुरुवात महाराष्ट्रातून केली. शेतकऱ्याने पैसे भरायचे, पीक आणि बाजार निवडायचे, मोबाइलवर एसएमएस यायचा. त्याच सुमारास इफ्कोने एअरटेलबरोबर ‘इफ्को किसान संचार’ काढले. तिथे आवाजी निरोप फुकट होते, पण सिमकार्ड एअरटेलचे हवे. एकाचा धंदा वर्गणीचा, दुसऱ्याचा सिमकार्डाचा. दोघांनी एकत्र यावे असे दोघांच्याही हिशेबात नव्हते. सरकारी योजनाही आपापले नोंदणीचे आकडे मोजतच होत्या, त्यामुळे कंपन्यांनाच नावे ठेवण्यात अर्थ नाही.

रॉयटर्सच्या सेवेची परीक्षा झाली, तिचा निबंध उपलब्ध आहे. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिन्टेन यांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत प्रयोग केला, तो २०१२ मध्ये ‘वर्ल्ड बँक इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये छापला गेला. काही गावांतल्या शेतकऱ्यांना वर्षभर सेवा फुकट दिली, काहींना नाही. हाती पडलेल्या भावात लक्षणीय फरक आढळला नाही. पिके होती टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू आणि सोयाबीन. केळी नव्हती, कापूसही नव्हता, तेव्हा हा निष्कर्ष खानदेशाला जसाच्या तसा लावू नये.

केळीची अडचण तर सरकारी भावाच्या तक्त्यातच आहे. अ‍ॅगमार्कनेटच्या तक्त्यात जिन्नस, वाण, प्रत, आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन दर असतात. रावेर-यावलचा शेतकरी केळी बोलतो ती नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी अशी, आणि नजर ठेवतो बुऱ्हाणपूरच्या दरावर. माल आवारात न येता बागेतूनच कापून ट्रकमध्ये भरला जातो. तक्ता आवारातली आवक मोजतो. ज्याला खरोखर त्या दिवसाचा भाव हवा, तो तक्ता उघडण्याऐवजी व्यापाऱ्याला फोन करतो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटात पाहतो. ही आणखी एक यंत्रणा झाली, फक्त तिच्या उद्घाटनाचे पत्रक कोणी काढले नाही.

२०२५ च्या हंगामापूर्वी कॉटन कॉर्पोरेशनने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ अ‍ॅप आणले. नोंदणीला जमिनीचा उतारा आणि कापूस पेरल्याचा पुरावा लागतो. महाराष्ट्रात पेऱ्याची नोंद होते ‘ई-पीक पाहणी’वर, म्हणजे १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेल्या राज्याच्या अ‍ॅपवर. कापूस विकायला केंद्राच्या अ‍ॅपवर जायचे, आणि त्याआधी राज्याच्या अ‍ॅपवर पेरा नोंदवलेला असायला हवा. खेडा खरेदीवाला मात्र दारात वजनकाटा लावतो आणि उतारा मागत नाही.